रविवारचे पराक्रम, सोमवारचे फोन

सकाळी ६:४०

"ताई, उठवलं का? खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या दारात फावडं घेऊन उभ्या आहेत."

"काय म्हणतायत?"

"काहीच नाही. फावडं माझ्या हातात द्यायला बघतायत."

मुलगा नाशिकचा, सातपूरला वाढलेला. स्टुटगार्टच्या फायहिंगनला भाड्यानं राहायला लागून जेमतेम दोन आठवडे झालेले. जानेवारीत इथे या वेळी मिट्ट काळोख असतो, त्यात रात्रभर बर्फ पडलेला. मी विचारलं, "शनिवारी तुझ्या दाराच्या मुठीला कुणी पाटी अडकवली होती का?"

होती. लाकडी, हिरवी, वर छोटासा झाडू रंगवलेला. शेजाऱ्यांनी नव्या बिऱ्हाडकरूला दिलेली भेट समजून त्यानं ती आत नेली, गणपतीच्या फोटोशेजारी टांगली आणि व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. आई म्हणाली, माणसं चांगली दिसतायत, थोडे बेसनाचे लाडू नेऊन दे. त्याप्रमाणे आजींना लाडूही पोचले होते.

पाटीवर लिहिलं होतं 'केरवोखे'. पाटी ज्याच्या दारावर, त्याची त्या आठवड्यात झाडलोटीची पाळी. छोटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यापुरता जिना. मोठी म्हणजे अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा, समोरचा फुटपाथ, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. हे श्वाबेन प्रांताचं खास वेड. १४९२ साली, म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला त्याच वर्षी, इथल्या एबरहार्ड नावाच्या सरदारानं स्टुटगार्टकरांना शहर स्वच्छ ठेवायचा हुकूम काढला. १७१४ मध्ये गल्ल्या झाडण्याचा वेगळा कायदा आला. १९८८ मध्ये नगरपालिकेनं सक्ती उठवली, पण तोवर उशीर झाला होता. भाडेकरारात ती तशीच राहिली, आणि करारात नसेल तिथे खालच्या मजल्यावरच्या आजींच्या मनात राहिली. फुटपाथवरचा बर्फ सकाळी सातच्या आत निघाला पाहिजे. कुणी घसरून पडलं तर पाळी कुणाची होती ते आधी बघतात.

"मग वेळ फार कमी आहे, ताई. दोन बादल्या गरम पाणी ओतू का? पटकन वितळेल."

मी एवढ्या जोरात 'नको' म्हणाले की आमच्याकडे शेजारच्या खोलीत दिवा लागला. गरम पाणी दहा मिनिटांत गोठलं असतं आणि फुटपाथची काच झाली असती. "फावडं घे आणि आजी दाखवतील तसं कर," म्हटलं. पंधरा मिनिटांनी फोटो आला. फुटपाथ मोकळा, याच्या डोक्यावर आजींची लोकरी टोपी.

७:२५

डेगरलोखहून खाली मारियेनप्लाट्झला दातेरी रुळांची गाडी उतरते. १८८४ पासून उतरतेय. शहर वाडग्यासारख्या दरीत, घरं चढावर, त्यामुळे हा खटाटोप. या गाडीत मी रविवारचे मेसेज वाचते. रविवारी दुकानं बंद, कचेऱ्या बंद, माणूस घरात मोकळा. सगळे पराक्रम त्याच दिवशी होतात.

माझं काम थोडक्यात असं: भारतातून इथे नोकरीला येणाऱ्यांचं बस्तान बसवून देणं. घर, नोंदणी, बँक, विमा, शाळा. कंपनी आम्हाला पैसे देते, नवीन आलेला माणूस मला ताई म्हणतो, काही मॅडम म्हणतात, एक-दोघे आग्रहानं काकू म्हणतात आणि त्यांचं काम मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी करते. मराठी माणसं इथे नवी नाहीत. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, २०१५ पासून बाडेन-व्युर्टेंबर्ग आणि महाराष्ट्र या राज्यांचीही भागीदारी आहे. पुण्यात जर्मन शिकायचं, चाकणला गाड्यांच्या कारखान्यात उमेदवारी करायची आणि मग इकडे यायचं, ही वाट आता मळलेली आहे. मुलं येतात तेव्हा व्याकरण चोख असतं. चतुर्थी विभक्ती कुठे लावायची हे मला विचारावं लागत नाही. चहाची पिशवी कुठे टाकायची हे विचारावं लागतं.

आजचे मेसेज. औरंगाबादचं जोडपं शनिवारी रात्री उतरलं, रविवारी सकाळी पिशव्या घेऊन दूध-भाजीला निघालं, आणि दोन तास चालून परत आलं. एकही शटर वर नाही. त्यांना वाटलं संप आहे. रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात हे कळेपर्यंत त्यांनी विमानातली बिस्किटं आणि सोबत आणलेलं मेतकूट यावर दिवस काढला.

दुसरा मेसेज अमरावतीचा. दाराला तोरण लावायचं म्हणून रविवारी सकाळी साडेनऊला ड्रिल मशीन चालवलं. पहिलं भोक पूर्ण व्हायच्या आत तीन शेजारी जमले. तिसरा फ्रँकफुर्टला मित्राकडे निघालेल्याचा. 'डॉइचलांड-टिकीट' खिशात आहे, म्हणजे अख्ख्या जर्मनीत फिरता येईल, असं समजून तो नेमका सुसाट जाणाऱ्या आयसीई गाडीत बसला. ते तिकीट बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांपुरतं असतं. नावात देश आहे म्हटल्यावर माणूस काय समजणार?

८:३०

नागरिक कार्यालय, म्हणजे ब्युर्गरब्युरो. नवीन घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत इथे नाव नोंदवावं लागतं, घरमालकाच्या सहीचा कागद सोबत घेऊन. नोंदणी नाही तर कराचा नंबर नाही, कराचा नंबर नाही तर पगारातून वाट्टेल तेवढा कर कापला जातो.

आज वसईचं जोडपं होतं. ती परिचारिका, तो सोबत आलेला, अजून नोकरीच्या शोधात. पहिला घोळ नावांचा. आपल्याकडे पासपोर्टात बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढेच बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. जर्मन कारकून ते सगळं त्या बाईचंच नाव धरतो. त्यामुळे कागदोपत्री तिच्या नावात एक पुरुष कायमचा मुक्कामाला येतो, आणि पुढे दवाखान्यात, बँकेत, वाचनालयात तिला त्या पूर्ण नावानं हाका मारतात. नवरा एकदम खूश होता.

खूश होता तो पुढच्या रकान्यापर्यंत. धर्म. मी दोघांना बाहेर बाकावरच समजावलं होतं. इथे कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो. बाडेन-व्युर्टेंबर्गात तो प्राप्तिकराच्या आठ टक्के असतो. पगाराच्या नव्हे, कराच्या, पण दर महिन्याला, सरकारी यंत्रणेमार्फत. हे आधी न सांगितल्यामुळे पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ बघून लोक हिशेबखात्याशी भांडायला गेलेले मी पाहिले आहेत. खोटं लिहा असं मी कुणालाही सांगत नाही. बाप्तिस्मा झालाय तर झालाय. पण काय कापलं जाणार हे माणसाला ठाऊक तरी हवं.

नवऱ्यानं मोबाईलवर आकडेमोड सुरू केली. महिन्याचे किती, वर्षाचे किती, रुपयांत किती. रुपयांचा आकडा आल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं.

"आपल्या गावच्या चर्चच्या सणाला तू दरवर्षी बँडवाल्यांना किती देतोस?" तिनं विचारलं.

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. कारकुनानं एवढ्या वेळात मान वर करूनही पाहिलं नव्हतं. तिनं कॅथलिक सांगितलं, त्यानंही सांगितलं, आणि बाहेर आल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की, एवढे पैसे घेतात तर इथे चर्चमध्ये मोदकासारखं काही वाटतात का. शेजारीपाजारी हिंदू असले की अपेक्षा वाढतात.

निघताना मी दोघांकडून टपालपेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो घेतला. हे मी आता सक्तीनं करते, कारण गेल्या वर्षी अकोल्याच्या एका हुशार मुलानं सगळ्या अर्जांवर पत्ता लिहिला: फ्लॅट नंबर ३०२, तिसरा मजला, बागेसमोर, बेकरीच्या वर. जर्मन पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. पोस्टमन रस्ता आणि घराचा क्रमांक बघून येतो आणि मग पेट्यांवरची आडनावं वाचतो. याच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा नंबर, सगळं एकेक करून परत गेलं. तो मात्र रोज संध्याकाळी रिकामी पेटी उघडून जर्मन टपालखात्याच्या कार्यक्षमतेबद्दल आपलं मत बनवत होता.

१०:१५

बाड कानश्टाट, तिसरा मजला, घराचा ताबा. कोथरूडची दोघं नवराबायको, सोबत नवऱ्याचे आईवडील. वास्तविक सासूसासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले, पण घर बघायला ते येणारच.

दार उघडून आम्ही आत शिरलो. सासूबाई सवयीनं आधी स्वयंपाकघराकडे वळल्या आणि तशाच परत आल्या.

"अहो, इथे चोरी झालीय."

ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, शेगडी नाही. भिंतीतून पाण्याच्या दोन नळ्या आलेल्या, त्यांना टोपणं लावलेली. छतातून उघड्या वायरी लोंबकळतायत, बल्ब नाही, होल्डरसुद्धा नाही. मी सांगितलं, चोरी नाही, इथे बऱ्याच घरांत भाडेकरू स्वयंपाकघर स्वतःचं आणतो आणि जाताना सोडवून घेऊन जातो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, मी दलालाला सामील असणार याबद्दल त्यांची खात्री पटलेली दिसली. तीन महिन्यांचं भाडं अनामत दिलंय आणि भिंती तेवढ्या मिळाल्या, हे त्यांच्या हिशेबात बसेना. सासरे शांतपणे टेप काढून ओट्याची मापं घेऊ लागले. निवृत्त अभियंता असावेत, विचारलं नाही.

मग खिडकी. जर्मन खिडकीशी ओळख करून दिल्याशिवाय मी कुणालाही चावी देत नाही. मूठ खाली असली की बंद. आडवी केली की दारासारखी आत उघडते. वर केली की वरच्या बाजूनं थोडी आत कलते आणि तशीच हवेला उघडी राहते. इथवर सोपं. गोची अशी की, खिडकी दारासारखी उघडलेली असतानाच कुणी मूठ वर फिरवली तर वरची बिजागरी सुटते आणि अख्खं तावदान एका कोपऱ्यावर लटकतं. वजन चांगलंच असतं, दुहेरी काचेचं. ते अंगावर येतंय असं वाटून माणूस दोन्ही हातांनी धरून उभा राहतो, आणि मग फोन लावायला हात उरत नाही. एकदा कऱ्हाडच्या एका मुलानं नाकानं स्क्रीन दाबून मला फोन लावला होता. उपाय एवढाच: तावदान चौकटीला दाबायचं, मूठ आडवी करायची, संपलं.

सासरे मूठ तीनदा फिरवून म्हणाले, "यंत्रणा उत्तम आहे. फक्त माणूस चुकणार नाही असं धरलंय."

एवढं अचूक वाक्य मला या देशाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी बाथरूम. इथे मी खाली बोट दाखवते आणि विचारते, काय दिसत नाही? सूनबाईंनी लगेच ओळखलं: जाळी. फरशीला उतार नाही, पाणी जायला वाटच नाही. पाणी टबात किंवा शॉवरच्या चौकोनात, बाकी सगळी जमीन कोरडी. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी सोलापूरच्या एका आजींची गोष्ट सांगते. मुलाचं बाथरूम त्यांना कळकट वाटलं. त्यांनी सोड्याची पूड टाकली, खराट्यासारखा ब्रश शोधला आणि दोन बादल्या पाणी ओतून लख्ख घासून काढलं. पाणी कुठे जातंय हे बघायची गरज वाटली नाही, कारण गेलं. ते खालच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेलं. त्या वेळी खाली चौघं जेवत होती. वैयक्तिक जबाबदारीचा विमा, ज्याला इथे हाफ्टफ्लिश्ट म्हणतात आणि जो मी गळ घालून प्रत्येकाला काढायला लावते, त्यानं छताचा खर्च भरला. आजी मात्र शेवटपर्यंत एकच म्हणत राहिल्या: "बाथरूम धुतलं तर चुकलं कुठे?"

कोथरूडच्या सासूबाई ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं."

१२:३०

सिंडेलफिंगनच्या एका कार्यालयात जेवण. वाटेत भेटणारा प्रत्येकजण दुपारच्या या तासात 'मालत्साइट' म्हणत जातो, आपणही म्हणायचं.

लातूरचा मुलगा उदास बसला होता. आज त्याचा वाढदिवस. सकाळपासून कुणी काही बोललं नाही, केक नाही, टोपी नाही, गाणं नाही. पुण्यातल्या ऑफिसात तर चेहऱ्याला क्रीम फासल्याशिवाय सोडत नसत. मी त्याच्या टीममधल्या बाईंकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, आम्हीही सकाळपासून वाट बघतोय. दहा वाजता केक येईल म्हणून दोघांनी नाश्ताच केला नाही. इथे ज्याचा वाढदिवस तो केक आणतो. दोन्ही बाजू भुकेल्या, दोन्ही बाजू दुखावलेल्या, मध्ये दोन टेबलांचं अंतर.

त्याला खाली बेकरीत पिटाळलं. जाताजाता त्यानं आणखी एक उघड केलं. बॉसचा वाढदिवस शनिवारी येत होता, तेव्हा सुट्टी, म्हणून त्यानं गेल्या शुक्रवारीच आठवणीनं हात मिळवून शुभेच्छा दिल्या होत्या. अख्ख्या खोलीत शांतता पसरली. जर्मन माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो, वेळापत्रकावर ठेवतो, पण वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा मिळाल्या की त्याला अपशकुन वाटतो. शकुन-अपशकुन मानणारे आपणच, अशी आपली एक गैरसमजूत असते.

२:००

दर सोमवारचा वर्ग. नवीन आलेले दहा-बारा जण, समोर टेबलावर चार डबे आणि एक वापरलेली चहाची पिशवी. पानं ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात. दोऱ्याच्या टोकाचा कागदी तुकडा कागदांत. पत्र्याची पिन असेल तर ती वेगळी. बाहेरचं चकचकीत वेष्टन पिवळ्यात. दोरा कुठे, यावर इथल्या लोकांतही एकमत नाही. वर्ग हसतो, आणि मग काहीजण वहीत लिहून घेतात.

काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या टाक्यांत, आणि रविवारी मुळीच नाही, कारण आवाज होतो. कोल्हापूरच्या एकानं हात वर केला: "निळी बाटली असेल तर?" हिरव्यात. त्याचं समाधान झालं नाही, माझंही कधी झालेलं नाही.

मग प्लास्टिकच्या बाटल्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या अशा बाटलीमागे बहुतेकदा पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की चिठ्ठी मिळते. जळगावची मुलगी पहिला महिनाभर प्रत्येक रिकामी बाटली नीट पिळून, चपटी करून कचऱ्यात टाकत होती. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं, वापरून झाल्यावर चुरगाळा. नाहीतर कुणीतरी त्यात नळाचं पाणी भरून परत विकेल. शाळेत, रेल्वेत, घरी सगळ्यांनी तेच शिकवलेलं. आणि इथलं यंत्र चुरगाळलेली बाटली ओळखत नाही, बाहेर ढकलतं.

नवख्यांच्या फजितीचे किस्से सांगताना लोक अज्ञानावर हसतात. मला तसं वाटत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक घोळ चांगल्या सवयींचे असतात. बाटली चुरगाळणारी, बाथरूम धुणारी, वाढदिवस आठवणीत ठेवणारी माणसं. निष्काळजी माणूस इथे फारसा अडकत नाही, कारण तो काही करतच नाही.

४:१०

फोन. पंढरपूरचा मुलगा, ताप आणि खोकला. ऑफिसात आपली निष्ठा दिसावी म्हणून तो सकाळी तसाच शिंकत कामावर गेला होता. बॉसनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून त्याला घरी जायला सांगितलं. डॉक्टरकडे गेला. प्रतीक्षागृहात शिरणारा प्रत्येकजण सगळ्यांना 'गुटन टाग' म्हणत होता, हा भांबावून सगळ्यांना उलटं 'टाग' म्हणत बसला आणि घसा आणखी बसला.

"ताई, त्यांनी तपासलं आणि सांगितलं की गरम चहा प्या, झोपा. कागद दिला, तीन दिवस सुट्टीचा. गोळी एकही नाही."

तेवढ्यात दुसऱ्या लाइनवरून त्याच्या आई आल्या. पंढरपुरात रात्रीचे पावणेनऊ झाले होते. "इंजेक्शन नाही दिलं? मग डॉक्टर खरा आहे का तो?"

खरा आहे, म्हटलं. मग त्या म्हणाल्या, चहा प्यायला सांगायचा असेल तर मी इथून सांगितला असता, फुकट. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर एक पत्र आलं. टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं, घरटी महिना १८.३६ युरो. ते ज्याला आलं त्या नागपूरच्या मुलानं वर्गणीवाल्यांना स्वतःहून उत्तर लिहिलं होतं, अगदी नम्र जर्मनमध्ये: माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, कधीही येऊन तपासा, चहा घेऊन जा. टीव्ही नसला तरी वर्गणी भरावीच लागते. पण त्याच्या जर्मनला पूर्ण गुण.

५:४५

नव्या बिऱ्हाडांना घेऊन सुपरमार्केट. पाण्याच्या बाटल्यांपाशी मी थांबते. शांत पाणी, मध्यम बुडबुड्यांचं, कडक बुडबुड्यांचं. एकानं मागच्या आठवड्यात कडक पाण्यात कुकर लावला होता. भात कसा झाला विचारलं तर म्हणाला, भात ठीक, पण वरणाला ढेकर येत होता. खरं तर नळाचं पाणी इथे उत्तम असतं, कुणी पीत नाही, कारण नळाला तोंड लावायचं नाही हेही आपल्याला शिकवलेलं.

बागकामाच्या विभागात तिघांनी न बोलता एकेक छोटी झारी उचलली. घरात कुंडी एकाकडेही नाही. ती कशासाठी हे मी विचारत नाही, त्यांनाही सांगावं लागत नाही. इथल्या शौचालयात फक्त कागद असतो.

काउंटरवरच्या बाई वस्तू एवढ्या झपाट्यानं सरकवतात की आपली पिशवी उघडायच्या आत शेवटचा कांदा खाली पडलेला असतो. औरंगाबादच्या बाईंनी पन्नासची नोट देताना गोड हसून 'डांके' म्हटलं. हॉटेलात वेटरला असं म्हटलं की तो उरलेले पैसे ठेवून घेतो. दुकानात सुदैवानं सुटे परत मिळाले.

८:५०

जेवण उरकून भांडी घासत होते. साताऱ्याचा मुलगा, व्यायामशाळेत कमावलेलं शरीर, आवाज मात्र एकदम बारीक.

"ताई, वेळ आहे का? एक खासगी प्रश्न आहे."

तो नैसर्गिक पाण्याच्या स्नानगृहात गेला होता. खनिज पाण्याच्या झऱ्यांत युरोपात बुडापेस्टखालोखाल स्टुटगार्टचं नाव घेतात, त्यामुळे इथे अशी स्नानगृहं आहेत. पोहून झाल्यावर सॉनाची पाटी दिसली. मामांनी घेऊन दिलेली गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून तो आत गेला. दारातल्या कर्मचाऱ्यानं चड्डीकडे बोट दाखवलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्याला वाटलं, चड्डी फार मोठी आहे. त्यानं दोन्ही पाय वर गुंडाळले. कर्मचाऱ्यानं पुन्हा मान हलवली.

आत कुणाच्याही अंगावर काहीच नसतं. स्त्रिया, पुरुष, आजी, आजोबा, सगळे एकत्र. पोहण्याचे कपडे चालत नाहीत, ते अस्वच्छ समजतात. टॉवेल अंगाखाली पसरायचा, घामाचा थेंब लाकडावर पडू द्यायचा नाही. कुणी कुणाकडे बघत नाही, हा नियम कुठे लिहिलेला नसतो आणि सगळे पाळतात.

"तू बाहेर आलास ना मग?"

"कसा येणार? पंधरा युरोंच्या वर तिकीट काढलेलं. टॉवेल गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर, कोपऱ्यात बसलो. तिथे सगळ्यात जास्त तापतं हे माहीत नव्हतं. डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होतो. तेवढ्यात दार उघडलं आणि आमचे टीम-लीड आले."

"आणि?"

"त्यांच्या मिसेससुद्धा."

मी भांडी खाली ठेवली.

"मला बघून त्यांना इतका आनंद झाला, ताई. म्हणाले, अरे वा, तू इथे, किती छान, आणि त्यांनी हात पुढे केला. माझ्या उजव्या हातात टॉवेलची गाठ."

"मग?"

"डाव्या हातानं शेकहँड करायचा नाही असं लहानपणापासून शिकवलंय."

"अरे, मग?"

"उजव्यानंच केला, ताई."